आजीबाईचा बटवा : काय ठेवावे आणि कुठे थांबावे

‘घरात आजीबाईचा बटवा करायचा आहे, कोणकोणती औषधे आणावीत त्याची यादी द्या,’ अशी मागणी पावसाळ्याच्या तोंडावर वाचक हमखास करतात. दवाखान्यात येणाऱ्या लेकीसुनाही हेच विचारतात. सासूबाईंचा डबा अजून फडताळात आहे, त्यात कसल्यातरी मुळ्या आणि पुड्या आहेत. टाकवत नाहीत आणि वापरायची भीती वाटते, अशी बहुतेकींची अडचण असते. ही भीती योग्यच आहे. यादी मी पुढे देणारच आहे. पण नुसत्या यादीने बटवा होत नाही, हे आधी सांगणे मला जरूर वाटते.

जुन्या घरातील बटव्यात औषधे असत, आणि ती औषधे ओळखणारी, मोजणारी बाई घरात असे. जायफळ किती उगाळायचे, हिरडा कोणाला द्यायचा, कोणत्या मुलाला घेऊन तडक वैद्याकडे जायचे, हे तिच्या बोटांत आणि नजरेत होते. ते कुठे लिहिलेले नव्हते. ‘गुंजभर घे’ असे ती सांगे. गुंज म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम वजन, हे आज घरात किती जणांना ठाऊक आहे? बाई गेली की डबा राहतो, पण माप जाते. म्हणून आजच्या बटव्यात औषधाइतकीच किंमत त्यावरच्या चिठ्ठीला आहे. चिठ्ठी नसलेले औषध घरात असण्यापेक्षा नसलेले बरे.

मी स्वतः आयुर्वेदाचा वैद्य आहे. या औषधांवर माझा विश्वास आहे, म्हणूनच ती जपून वापरली जावीत असे मला वाटते. जे औषध गुण देऊ शकते ते चुकीच्या मापाने अवगुणही देऊ शकते. ‘झाडपाल्याचे औषध, गुण आला नाही तरी अपाय तर होणार नाही ना,’ हे वाक्य आपण मनातून काढून टाकावे.

काय ठेवावे

दहा-अकरा वस्तू पुरेत. पुढील मात्रा निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी आहेत. चमचा म्हणजे सपाट भरलेला चहाचा चमचा समजावा.

१) सुंठ : अपचन, अंग जड होणे, सर्दीची सुरुवात यांवर पाव चमचा चूर्ण गूळ-तुपाबरोबर किंवा गरम पाण्यातून, दिवसातून दोन वेळा. छातीत जळजळ होणाऱ्यांनी आणि पोटात अल्सर असणाऱ्यांनी घेऊ नये.

२) ओवा : पोटात वारा धरल्यास अर्धा चमचा ओवा चिमूटभर सैंधवाबरोबर चावून खावा व वर कोमट पाणी प्यावे. ओव्याला जो वास येतो तो थायमॉल या द्रव्याचा. बाजारात ‘ओव्याचे फूल’ मिळते ते हेच. ते फार तीव्र असते. घरात ओवा ठेवावा, फूल ठेवण्याचे कारण नाही.

३) हिंग : मोठ्या माणसांना ताकातून चिमूटभर. तान्ह्या बाळाचे पोट फुगल्यास पाण्यात कालवून बेंबीभोवती पातळ लेप लावावा. बाळाच्या पोटात देऊ नये.

४) हळद : घसा धरल्यास हळद-मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या उत्तम. जखमेवर हळद दाबण्याची आपल्याकडे सवय आहे. साधे खरचटले असेल तर आधी साबण व वाहत्या पाण्याने जागा स्वच्छ धुवावी. खोल जखमेत मात्र हळद भरू नये. तिथे जखम साफ करून घेणे आणि धनुर्वाताची लस यांची गरज असते.

५) ज्येष्ठमध : कोरड्या खोकल्यावर व बसलेल्या घशावर बोटाच्या पेराएवढा तुकडा दिवसातून एक-दोनदा चघळावा, तोही आठवडाभरच. माझ्याकडे एक गृहस्थ रक्तदाबासाठी येत. गोळ्या नियमित, मीठ कमी, तरी दाब खाली येईना. चौकशी करता कळले की ते भजनी मंडळात गातात आणि आवाजासाठी ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर गालात धरतात. कांडी बंद केली आणि काही आठवड्यांत दाब आटोक्यात आला. ज्येष्ठमधातील गोड द्रव्य शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम कमी करते. रक्तदाब, हृदय व मूत्रपिंड यांचे विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ते टाळावे.

६) अडुळसा : हा डब्यात नव्हे, अंगणात किंवा कुंडीत असावा. पाने वाफवून काढलेला रस एक चमचा, मधाबरोबर, दिवसातून दोन वेळा. चिकट कफ सुटतो. खोकल्याच्या कित्येक औषधांत ब्रोमहेक्झिन हे द्रव्य असते. ते अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच तयार केले गेले. गर्भवतीला अडुळसा देऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते.

७) तुळस, गवती चहा व आले : सर्दीच्या दिवसांत या तिघांचा पातळ काढा कपभर. त्याने बरे वाटते; न्यूमोनिया बरा होत नाही.

८) इसबगोल : बद्धकोष्ठावर एक ते दोन चमचे भुशी मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी आणि वर आणखी पाणी घ्यावे. ती पाणी शोषून फुगते, हाच तिचा गुण. कोरडी खाल्ली किंवा कमी पाण्याबरोबर घेतली तर घशात वा आतड्यात अडकू शकते. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना देऊ नये. दुसरी औषधे व इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

९) त्रिफळा : हिरडा, बेहडा व आवळकाठी समभाग. रात्री निजताना अर्धा चमचा कोमट पाण्यातून. पातळ जुलाब होत असताना आणि गर्भारपणात घेऊ नये.

१०) लवंग : दात ठणकत असल्यास एक लवंग त्या दाताखाली धरावी, तिच्यातील युजेनॉलने जागा बधिर होते. हा दंतवैद्याकडे जाईपर्यंतचा दिलासा आहे. लवंगेचे तेल निव्वळ लावल्यास हिरडी भाजते, आणि लहान मुलाने ते प्यायल्यास जिवावर बेतू शकते.

११) कोरफड : हीदेखील कुंडीत. चटका बसल्यावर आधी वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली भाग धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. आग शमल्यावर, कातडी फाटली नसेल तर, कोरफडीचा पांढरा गर लावावा. पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक तीव्र रेचक आहे. तो धुऊन टाकावा.

जिरे, धने, बडीशेप, मिरी, मेथी ही स्वयंपाकघरात असतातच. त्यांचा वेगळा डबा करण्याची गरज नाही.

या झाडपाल्याशेजारी आणखी काही वस्तू हव्यात: थर्मामीटर, मोजमापाचा चमचा, स्वच्छ पट्टी आणि ओआरएसची चार पाकिटे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे पाणी पाजून रोगी वाचवले. आजवर जुलाबाच्या कितीतरी रोग्यांना या साध्या पाण्याने तारले आहे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप काटेकोर हवे. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. पाकीट किती पाण्यासाठी आहे तेही वाचावे, कारण बाजारात एक लिटरची आणि २०० मिलिलिटरची अशी दोन्ही पाकिटे मिळतात.

खरेदी आणि साठवण

शक्यतो अख्खी वस्तू घ्यावी. सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध ही डोळ्यांनी पारखता येतात, चूर्णात काहीही खपते. सुंठेला बारीक भोके दिसली तर आत कीड आहे असे समजावे. हळकुंड फार भडक आणि चकचकीत असेल तर घेऊ नये. हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी लेड क्रोमेट हा शिशाचा रंग वापरल्याचे प्रकार बांगलादेशात व आपल्याही देशात उघडकीला आले आहेत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

शार्ङ्गधर संहितेत औषधांच्या टिकाऊपणाचा विचार केलेला आहे. चूर्णाची ताकद दोन महिन्यांनी उतरू लागते, गोळ्या व अवलेह साधारण वर्षभर टिकतात, असे तिथे सांगितले आहे. वनस्पती ताज्या घ्याव्यात, अपवाद वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप व मध यांचा, असाही नियम आहे. तेव्हा शंभर ग्रॅम चूर्ण आणून दोन वर्षे पुरवणे यात काटकसर नाही. अख्खी सुंठ ठेवावी, लागेल तेवढी खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करावी. पॅकबंद औषध असेल तर त्यावर छापलेली मुदत पाळावी.

वर्षातून एकदा, वैशाखात, डबा रिकामा करून वस्तूंना ऊन दाखवावे. कोरड्या काचेच्या बरण्या घ्याव्यात. शेगडीच्या वरचे फळकूट सोयीचे वाटते, पण वाफेने तिथे औषध लवकर खराब होते. पुडी वर्तमानपत्राच्या कागदात बांधू नये. छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून २०१६ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तशी सूचनाच काढली होती. वर्तमानपत्र वाचण्यासाठी आहे, त्याचे काम तेवढेच असू द्यावे.

चिठ्ठी

प्रत्येक बरणीवर पुढील चार ओळी लिहून चिकटवाव्यात: वस्तूचे नाव, आणल्याची तारीख, कशासाठी व किती, आणि कोणाला देऊ नये, कधी थांबावे. उदाहरणार्थ: ‘ज्येष्ठमध. १० जून. खोकला, पेराएवढा तुकडा दिवसातून दोनदा. बी.पी. असल्यास नाही, आठवड्यानंतर बंद.’ चौथी ओळ लिहिता येत नसेल, तर त्या औषधाची आपल्याला पुरती ओळख नाही असे समजावे आणि ते वैद्याला दाखवेपर्यंत वापरू नये. सासूबाईंच्या डब्यालाही हाच नियम. ओळख पटत नसलेली मुळी चाखून पाहू नये.

हे मी निक्षून सांगतो त्याला कारण आहे. बाळगुटीत वापरली जाणारी अतिविषाची मुळी आणि जहाल विषारी बचनाग ही एकाच कुळातली भावंडे. दोन्ही हिमालयातून येतात, दोन्हींच्या मुळ्या वापरतात. अदलाबदल झाली तर काय होईल हे सांगायला नको.

बाळगुटीविषयी

या विषयावर आज्या माझ्यावर रागावतील, पण सांगणे भाग आहे. जन्मानंतरचे पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सहाण, उगाळायचे पाणी आणि बोट यांतून जंतू जातात, आणि तान्ह्या बाळाला जुलाब झाले तर ते काही तासांत कोमेजते.

मध वर्षाच्या आतील मुलाला चाटवूच नये. त्यात बॉट्युलिझम या रोगाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते पचतात, बाळाला मात्र त्यांमुळे लकवा होऊन श्वास बंद पडू शकतो. वेखंडातील असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली, आणि आपल्याकडील वेखंडात हे द्रव्य अधिक असते. जायफळाने बाळ शांत झोपते, कारण त्याला गुंगी येते. एखादा वळसा जास्त झाला तर ती गुंगी चिंताजनक ठरते. पूर्वी कामावर जाणाऱ्या आया मूल निजावे म्हणून अफूची बाळगोळी देत, हेही आपल्या परंपरेतच होते. ते आपण सोडले आणि चांगले केले.

आजीला बाळासाठी काही करायचे असेल तर कोमट तेलाने हलके मालीश करावे, पोट फुगल्यास हिंगाचा लेप लावावा आणि बाळंतिणीच्या ताटाकडे लक्ष द्यावे. गुटीचा हट्ट सोडून आजीने सुनेला चार तास निवांत झोप मिळवून दिली, तर बाळाला त्याचाच गुण अधिक येईल.

काय ठेवू नये

बचनाग, धोत्रा, बिब्बा, कुचला, गुंजेच्या बिया ही द्रव्ये औषधी आहेत, पण शुद्धी करून वैद्याने देण्याची. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये ती विषारी म्हणून नोंदलेली आहेत. दम्यावर धोत्र्याची पाने ओढणे, दुखऱ्या गुडघ्याला बिब्बा घालणे हे प्रकार अजून चालतात. बिब्ब्याने भाजून चिघळलेले गुडघे मी पुष्कळ पाहिले आहेत.

कापूर देवघरात असतो, औषध म्हणून त्याची आठवण राहत नाही. पण लहान मुलाने वडी खडीसाखर समजून खाल्ली तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. कापूर मुलांच्या हाती लागणार नाही असा उंचावर, बंद डबीत ठेवावा.

पारा किंवा धातू असलेली भस्मे व मात्रा वैद्याच्या चिठ्ठीशिवाय घरात आणू नयेत. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली असता १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळले. जत्रेत मिळणारी, नाव-पत्ता नसलेली सांधेदुखीची ‘रामबाण’ पुडी तर उकिरड्यावरच टाकावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकारही उघडकीला आले आहेत.

गोळ्या चालू असताना

साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने मेथी-कारल्याचे चूर्ण सुरू केले तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर सुंठ, लसूण, हळद यांची औषधी मात्रा रक्तस्रावाला निमित्त होऊ शकते. स्वयंपाकातील प्रमाणाला हरकत नाही. करोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी उकळला गेला. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी असा काढा घेतलेल्या काही रोग्यांत यकृताला सूज आल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असे म्हटले. कोणाचेही खरे धरले तरी घरच्या माणसाने घ्यायचा धडा एकच: ओळख पक्की हवी आणि महिनोन्महिने काढा पिऊ नये. आपण काय घेतो ते डॉक्टरांना सांगावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीच सांगावे. ‘ते घरगुती आहे, त्यात काय सांगायचे’ असे म्हणू नये.

कुठे थांबावे

घरगुती औषधाने होणारा सर्वांत मोठा तोटा विषबाधेचा नव्हे, वेळेचा असतो. पुढील लक्षणे दिसली तर बटवा उघडूच नये.

छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा-हिंग-सोडा देण्यात तास-दोन तास गेलेले रोगी मी पाहिले आहेत. ते सगळे घरी परत गेले नाहीत.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला कोणताही ताप. मोठ्यांना तीन दिवसांहून अधिक ताप. शौचात रक्त. जुलाबात सहा तास लघवी न होणे, मूल सुस्त होणे, डोळे खोल जाणे. श्वास लागणे, बाळाच्या छातीत खड्डे पडणे. डोळे पिवळे होणे. काविळीचे ‘नाकात घालायचे औषध’ देणाऱ्याकडे न जाता रक्त तपासावे. पोटात उजवीकडे खाली वाढत जाणारी कळ. तिथे रेचक देणे घातक.

साप चावल्यास कोणतीही मुळी नाही, चीर देणे नाही, आवळून बांधणे नाही. हात-पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालयात न्यावे, १०८ ला फोन करावा. कुत्रे चावल्यास जखमेत चुना, मिरची, हळद न भरता साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

बाकी साध्या तक्रारींना दोन दिवसांची मुदत द्यावी. दोन दिवसांत उतार पडला नाही तर बटवा बंद करून डॉक्टरांकडे जावे. जुन्या जाणत्या बायका हेच करीत. मुलाचा डोळा पाहून ‘हे माझ्याच्याने होणार नाही, वैद्यबुवांकडे न्या’ असे म्हणणारी आजीच खरी जाणकार होती.

येत्या रविवारी फडताळातला डबा खाली काढावा. ज्या वस्तूची ओळख पटते तिला चिठ्ठी लावावी. ज्यांची पटत नाही त्या जवळच्या वैद्याला दाखवाव्यात. आणि घरात ऐंशीच्या घरातली आजी असेल तर वही-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसावे, आणि प्रत्येक औषधाबाबत तिला दोन प्रश्न विचारावेत: हे किती द्यायचे, आणि कधी द्यायचे नाही?